मुंबईचा पगार, धामणगावचा भाव

ताईला बघायला आले त्या दिवशी भाऊजींनी ताईकडे कमी पाहिलं आणि आमच्या वांग्यांच्या वाफ्याकडे जास्त. मी तेव्हा परकर नेसणारी पोर होते. पाहुण्यांना मळा दाखवायला बाबांनी मलाही बरोबर घेतलं होतं. भाऊजी बांधावर उभे राहिले, खिशातून रुमाल काढून बुटावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "वांगी काय भावाने देता?"

बाबांनी सांगितलं. भाऊजी हसले. "अहो मामा, मुंबईत याचे चौपट देतो आम्ही. तुम्ही तर फुकटच वाटताय."

बाबांना ते कौतुक वाटलं. मलाही वाटलं. त्याची किळस यायला हवी होती हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मुंबई आपली झाली असं सगळे म्हणत होते, पण धामणगाव बढ्यातल्या आमच्या आळीत मुंबई पाहिलेला एकही माणूस नव्हता. भाऊजींचं मूळ घर वरवट बकालचं, आमच्याच जातीचं, भाजीपाला करणारं. ते शिकले, एका कचेरीत कारकून झाले आणि बोलणं पार बदलून बसले. 'मले', 'तुले' त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. सोयरीक जुळवली मायच्या मावसभावानं. त्यानं ओसरीवर बसून पगाराचा आकडा सांगितला तेव्हा माय स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली.

"दीडशे?" बाबा म्हणाले. "महिन्याचे?"

"महिन्याचे. सरकारी सुट्ट्या वेगळ्या."

मग बाबांनी ते दीडशे रुपये आमच्या बाजारात फिरवून पाहिले. इतक्यात एवढी जवारी येते. इतक्यात एवढी तूरदाळ. दोन वेळचं दूध, तेल, गूळ, वर्षाचे कपडे, आणि तरी निम्मे उरतात. आमच्या शाळेच्या मोठ्या मास्तरालाही इतका पगार नव्हता. "पोरगी राणीवानी राहीन," बाबा म्हणाले. मुंबईत जवारी काय भावाची, दूध कसं, खोलीचं भाडं किती, हे कुणी विचारलंच नाही. रुपया म्हणजे रुपया. मलकापूरला जेवढा, मुंबईला तेवढाच, अशी आमची समजूत. त्या समजुतीवर ताईचं लग्न झालं.

पहिल्या उन्हाळ्यात भाऊजी ताईला घेऊन आले. मलकापूर स्टेशनवरून बसनं. ताईच्या हातात एक पिशवी आणि भाऊजींच्या दोन्ही हातांत पत्र्याचे रिकामे डबे. माय म्हणाली, "हे काय हो जावईबापू?"

"जाताना भरून नेऊ," ते म्हणाले. "इथलं तूप खाऊ दे तुमच्या मुलीला."

लेकीसाठी तूप द्यायला कोणती माय नाही म्हणेल? घरात दोन म्हशी होत्या. आमचं तूप पुरलं नाही म्हणून मायनं शेजारच्या आत्याकडून आणलं. ही आत्या नात्यातली नव्हती. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा, एकच म्हैस, तिच्यावर तिचं सगळं चालायचं. ताईला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिनं बाजारभावापेक्षाही कमी घेतलं. "आपल्या पोरीले कायचा भाव लावू?" म्हणाली. डब्यांची झाकणं गावातल्या पत्रेवाल्याकडून कथलाचा डाग देऊन बंद करून घेतली, आणि डबे मुंबईला गेले.

भाऊजी आमच्याकडे असायचे तेव्हा रोज सकाळी बाजाराच्या रस्त्यावर फिरायला जायचे. मला बरोबर घ्यायचे, पिशवी धरायला. प्रत्येक टोपलीपाशी थांबायचं, भाव विचारायचा, आणि मोठ्यानं म्हणायचं, "बापरे, किती स्वस्त!" ज्या बाईनं पहाटे उठून डोक्यावर टोपली आणली तिच्या तोंडावर ते स्वस्त असं आदळायचं की ती बिचारी ओशाळून हसायची, जणू तिचंच काही चुकलं.

एक लिंबंवाली म्हातारी होती. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, पण ती अजून आण्यातच बोलायची. आण्याचे सहा नवे पैसे, आणि चार आणे झाले की पंचवीस. हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींनी तिच्याकडून एका आण्याची लिंबं घेतली, सहा पैसे दिले. मग परत एका आण्याची, परत सहा. असं चार वेळा. म्हातारी वैतागली.

"एकडाव घेऊन टाका ना बाप्पा, चार आण्याचे."

"थोडी थोडीच घेतो आजी."

घराकडे वळल्यावर त्यांनी मला समजावलं. "चार आण्याची घेतली असती तर पंचवीस गेले असते. आता चोवीस गेले. कळलं?" मला कळलं. एक पैसा वाचवल्याच्या आनंदात त्यांचा चेहरा असा चकचकीत झाला होता की मला हातातली ती पिशवी नकोशी झाली. लिंबं तीच होती, पण त्या दिवशी मी सरबत प्यायले नाही. मायला वाटलं मला कणकण आहे.

असेच तीन-चार उन्हाळे गेले. डबे वाढत गेले. तुपाबरोबर तूरदाळ, लाल मिरच्या, मुगाच्या वड्या. बाबांनी पैसे कधी मागितले नाहीत. आत्याला मात्र भाऊजी मोजून द्यायचे, गावच्या भावानं, आणि मायला म्हणायचे, "बघा, मी कुणाचं फुकट घेत नाही." ताई दर वर्षी थोडी वाळलेली दिसायची. विचारलं की म्हणायची, "तिथलं पाणी सोसत नाई मले." मुंबईला गेली तरी तिचं बोलणं माहेरचंच राहिलं. भाऊजी चारचौघांत तिला त्यावरून टोकायचे.

तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला सासरकडून कुणाला जाता येईना, म्हणून मला मुंबईला पाठवलं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी होते. मुंबईचं वर्णन मी करत बसत नाही. एक खोली, तिच्यात पडदा लावून केलेलं स्वयंपाकघर, आणि ताई. दीडशे रुपयांची राणी. ती काळा चहा पीत होती. दूध मोठ्या पोरापुरतं यायचं, तेही इतकं पातळ की भांडं विसळलेलं पाणी वाटावं. भाकरी नव्हती. जेवणात रेशनचा जाडा तांदूळ आणि वर आमटीचं पाणी.

"ताई, तूप?" मी विचारलं. "बाळंतिणीला तूप पाहिजे ना?"

 ताई पोराला थोपटत राहिली.

उत्तर दुपारी मिळालं. सुट्टीचा दिवस होता. भाऊजींनी स्टोव्ह पेटवला, मोठं पातेलं ठेवलं आणि पलंगाखालून आमचा डबा ओढला. त्यावर पत्रेवाल्याचा डाग मी ओळखला. त्यांनी आमचं तूप पातेल्यात ओतलं, मग दुकानातला वनस्पती तुपाचा डबा काढून त्यातले पांढरे गोळे त्यात टाकले आणि ढवळू लागले. दोन्ही विरघळून एक झालं. खोलीभर तो वास भरला, अर्धा आमच्या घराचा आणि अर्धा कसल्यातरी मेणाचा. थोड्या वेळानं चाळीतल्या त्या मजल्यावरच्या बायका एकेक करून वाट्या आणि पैसे घेऊन आल्या. भाऊजी पळीनं तूप घालायचे आणि पळी खाली येता येता अंगठा आत बुडवून थोडं माघारी घ्यायचे. अंगठा मग पातेल्याच्या कडेला पुसायचे. त्या अंगठ्याचं नख काळं होतं.

एक बाई मला म्हणाली, "तुमच्या गावी म्हणे सगळं फुकटच मिळतं?"

ती गेल्यावर मी भाऊजींना विचारलं, "हे तूप मायनं ताईसाठी दिलंय ना?"

ते शांतपणे म्हणाले, "हे बघ, तिकडे याला किंमत नाही. इथे आहे. जिथे किंमत आहे तिथे वस्तू न्यावी. यात कुणाचं काय गेलं? तुझ्या बाबांना वाटतं मी लाट साहेब आहे. पगारातला मोठा भाग या खोलीला जातो. उरलेल्यात तुझी ताई, पोरं, गाडीचा पास, कपडे. तुमच्या गावात या पगारात माणूस जमीनदारासारखा राहील. इथे मी भिकारी आहे. कळतं तुला?"

ते खरं होतं. तेच तर सगळ्यात ओंगळ होतं. त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं आणि त्या खऱ्यात त्यांनी अंगठा बुडवलेला होता. पडद्यामागे ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. पातेल्यात खाली थोडं उरलं होतं, ते भाऊजींनी खरवडून एका वाटीत काढलं आणि म्हणाले, "हे तिला दे." मी दिलं नाही. ते मिसळलेलं मला तिच्या तोंडात घालवेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणलं, मायनं दिलेल्या पैशातून, आणि मी असेपर्यंत रोज आणत राहिले.

गावी परतल्यावर मी मायला आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं घरात आग लागेल. बाबा उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसले. मग म्हणाले, "त्याले तठी परवडत नसंन."

"म्हणून ताईच्या तोंडचं विकायचं?"

"तुले काय वाटते, मले राग नाई आला? पन पोरगी तठी हाये. आपन डबे बंद केले तं तिचे हाल होतीन."

आणि पुढच्या उन्हाळ्यात डबे पुन्हा भरले गेले. मायनं तेवढी एक गोष्ट केली, आत्याकडून तूप आणणं थांबवलं. आत्याला वाईट वाटलं, ती कारण विचारत राहिली, आणि मायनं तिला खरं सांगितलं नाही. मला त्या घरात बसवेना. मी बुलढाण्याला गेले, तिथं शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि पुढे तिथंच शाळेत लागले. एका पुस्तकात वाचलं की पैशाची खरी किंमत तो जिथे खर्च होतो तिथल्या भावांवरून ठरते. मी ती ओळ वाचून पुस्तक मिटलं. बाबांनी ओसरीवर बसून पगार मोजला त्या दिवशी हे सांगणारा एखादा माणूस तिथं असता तर, असं मनात आलं.

मग बहात्तरचा तो मोठा दुष्काळ आला. विहिरीला तळ दिसला, वांग्यांचा मळा जळाला, म्हशी विकाव्या लागल्या. बाजारात जवारी दिसेना. गावातला अडत्या पुढच्या दाराला 'माल नाही' म्हणायचा आणि मागच्या दारानं तिप्पट भावानं विकायचा. तोही वर म्हणायचा, "मी काय करू, भावच तसा हाये." रेशनवर परदेशातला लालसर मिलो, जवारीसारखाच एक दाणा, मिळायचा. त्याची भाकरी तव्यावरून उतरली की चिवट आणि गार झाली की चामडं. पोत्याचा कुबट वास तिच्यातून जायचा नाही. पोरं ती खाऊन ओकायची आणि पुन्हा तीच खायची. बाबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. ज्या माणसाच्या वांग्यांना मलकापूरच्या बाजारात नाव होतं तो दुपारच्या उन्हात दगडांच्या ढिगामागे बसलेला मी पाहिला. त्यानं मला पाहिलं आणि हातोडी थांबवली नाही.

मुंबईत त्याच वेळी रेशनवर तांदूळ आणि गहू मिळत होता, ठरलेल्या भावात. म्हणजे जग उलटलं होतं. धान्य पिकवणाऱ्या गावात धान्य महाग आणि मुंबईत स्वस्त.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला घरी होते. ताई, भाऊजी आणि पोरं आली. या वेळी डबे नव्हते, दोन मोठ्या वळकट्या होत्या. दारात शिरल्यावर भाऊजींनी एक वळकटी उलगडली. गादीच्या आत शिवलेलं पोतं, आणि त्यात तांदूळ. रेशनचं धान्य बाहेरगावी नेण्यावर बंदी होती, म्हणून त्यांनी ते असं लपवून आणलं होतं. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लगेच भात टाकला. त्या वासानं आळीतली पोरं दाराशी गोळा झाली. बाबा पहिला घास हातात धरून म्हणाले, "जावईबापू, मोठं काम केलं तुमी. म्या तुमच्याबद्दल मनात वंगाळ आनलं होतं. माफ करजा."

त्या रात्री मलाही वाटलं, माणूस बदलतो. मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कामावरून आले, हातपाय धुऊन खाटेवर टेकले. भाऊजी समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "मामा, इथे तांदूळ काय भावाने चाललाय सध्या?"

बाबांनी सहज सांगितला. अडत्याच्या मागच्या दाराचा भाव.

भाऊजींनी मान हलवली. "मग आपण त्यापेक्षा थोडा कमी लावू. घरचंच आहे."

क्षणभर बाबांना कळलंच नाही. मग त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. तिथं खडीच्या कामाची मजुरी होती. खिशातून नोटा काढताना त्यांच्या बोटांवरची फुटलेली कातडी मला दिसली. त्यांनी नोटा खाटेवर ठेवल्या. "एवढ्याच हायेत आज. बाकीचे हप्ता झाल्यावर."

मी परसात गेले.  भिंतीला धरून उभी होते तेव्हा घरातून ताईचा आवाज ऐकू आला. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"ते पैसे उचला बाबा."

"बाई, राहू दे."

"उचला म्हनते ना!" मग ती भाऊजींकडे वळली असावी. मी दारात आले तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी होती, हाताला पीठ तसंच. "तूप नेलं तवा धामनगावचा भाव लावला. आता तांदूळ आनला तं त्याले बी धामनगावचाच भाव. मंग मुंबईचा भाव कोनासाठी ठेवला हो?"

"तुला व्यवहार कळत नाही," भाऊजी म्हणाले. "पकडलो असतो तर नोकरी गेली असती. जोखीम माझी होती. आणि मी बाजारापेक्षा कमीच मागतोय."

"कालचा भात तुमी बी खाल्ला. तो कितीचा धरला?"

 ताईनं कोपऱ्यातलं पोतं ओढलं. जड होतं, तिला उचलेना. मी गेले आणि दुसरं टोक धरलं. भाऊजी ओरडले, "कुठे नेताय?" ताईनं मागं पाहिलं नाही. आम्ही दोघींनी ते भिंतीपलीकडे आत्याच्या ओसरीवर नेलं. आत्या मिलो निवडत बसली होती. ताईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि तिच्या सुपात, मग टोपलीत, मग घागरीत तांदूळ ओतला.

"काय करून राह्यली वं पोरी?"

"तुह्या तुपाचं हाये, आत्या. मी ते कदी खाल्लं नाई. तठी इकलं ते." आणि मग ती तिथंच बसून रडली. आत्याला तेव्हा सगळं समजलं. तिनं ताईला जवळ घेतलं. उरलेलं अर्धं पोतं आम्ही मायच्या चुलीपाशी आणून ठेवलं.

बाबांनी खाटेवरच्या नोटा उचलल्या नाहीत. त्यांचा हट्ट असा की जावयासमोर ठेवलेलं परत खिशात घालायचं नाही. भाऊजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. सकाळच्या पहिल्या बसनं ते एकटेच निघून गेले. आम्ही उठलो तेव्हा खाटेवर नोटा नव्हत्या.

इतकी वर्षं झाली, पण त्या रिकाम्या खाटेइतकं घाणेरडं काही मी पाहिलेलं नाही. मायनं ती खाट उन्हात काढून तिच्यावर पाणी ओतलं. ज्या दिवसांत घोटभर पाण्यासाठी रांग लागत होती त्या दिवसांत तिनं एक घागर त्या खाटेवर घातली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

ताई पोरांना घेऊन आमच्याकडेच राहिली. तीही बाबांबरोबर खडीवर गेली. पाऊसपाणी झालं, विहिरीला पाणी आलं, आणि मग मध्यस्थी सुरू झाली. मायचा तोच मावसभाऊ दोनदा येऊन गेला. पोरांच्या शाळेचा प्रश्न होता. ताई परत गेली, पण जाण्याआधी तिनं वरवट बकालच्या सासरच्या माणसांसमोर सांगितलं की पगार तिच्या हातात येईल आणि माहेरचा एक दाणाही मुंबईला जाणार नाही. भाऊजींनी कबूल केलं. कचेरीतल्या लोकांना बायको सोडून गेल्याचं कळलं होतं, त्याची त्यांना लाज वाटत होती. दुसरी कुठलीही लाज मला त्यांच्यात कधी दिसली नाही. पुढे ताईनं त्या पडद्यामागच्या स्वयंपाकघरात जेवणाचे डबे करायला सुरुवात केली. पोरं त्यावर शिकली.

भाऊजी वारले तेव्हा मी बुलढाण्याहून मुंबईला गेले. तेराव्याला कचेरीतली जुनी माणसं आली होती. एकानं सगळ्यांसमोर सांगितलं की असा हिशेबी, काटकसरी माणूस होणे नाही, शून्यातून संसार उभा केला. लोकांनी माना डोलावल्या. ताई पांढऱ्या लुगड्यात शांत बसली होती. मला तिथं बसवेना. पंगत बसत होती, मी जेवायला न थांबता निघाले. ताई जिन्यापर्यंत आली. तिनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "गाडीत खाजो. भुकी राहू नको."